मांडे करणारी बाई

२७ एप्रिल १९९०, शुक्रवार. आखाजी, आमच्याकडची अक्षय्य तृतीया. नळाला पाऊण तास पाणी. गेलेल्या सासूबाईंच्या नावाची पहिली घागर भरली, वर सांजोरी आणि दोन कैऱ्या ठेवल्या. अकराच्या एस.टी.ने धुळ्याहून विहीणबाई प्रमिलाबाई आल्या.

सासूबाई म्हणजे धुरपदाबाई. मुलं त्यांना मोठी माय म्हणत. धरणगावजवळच्या खेड्यात तिसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि लोकांचा कापूस वेचून त्यांनी थोरल्या मुलाला, म्हणजे ह्यांना, वकील केलं. मी मिशनच्या शाळेतली, म्हणून मला ‘आमनी मडम’ म्हणत. जळगावला येताना मांडे भाजायचं स्वतःचं मातीचं खापर लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन यायच्या. शहरातल्या खापरावर त्यांचा विश्वास नव्हता.

हे १९८४ साली गेले. नंतर दोन वर्षांनी, ९ मार्चला, माझ्या मुलीला, कुंदाला, पाहायला धुळ्याची मंडळी आली. मोठी माय मागच्या अंगणात चुलीपाशी. लुगडं खोचलेलं, दातांना मिश्री, पुरणाचा मांडा हातांवर कोपरापर्यंत पसरलेला. प्रमिलाबाई मागे डोकावल्या.

“किती पातळ हो! ह्या कोण?”

“मांडे करायला बोलावलेल्या बाई आहेत,” मी म्हणाले.

मोठ्या मायने ऐकलं. मांडा अलगद खापरावर पडला, कुठे फाटला नाही.

“हा बाई, मांडा करनारी शे मी,” त्या म्हणाल्या. “पोट भरीसन जेवा.”

कुंदा तोंड उघडणार होती. मी डोळे वटारले.

पाहुणे गेल्यावर मी अंगणात गेले, पण माफीचा शब्द काही निघाला नाही. त्याच म्हणाल्या, “पोरनं जमनं ना? मंग बठ्ठं भेटनं.” सगळं मिळालं, म्हणे. त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलं, ‘मांडे करायला बाई आली होती.’

लग्नाला त्या आल्याच नाहीत. “मना गुडघा दुखस,” असा निरोप धाडला. दीर चुडामण नंतर म्हणाले, “वहिनी, कसला गुडघा? दिवसभर वावरात कापसाच्या पऱ्हाट्या उपटत होती.”

गेल्या दिवाळीत त्या गेल्या. धुळ्याला मी कळवलं, ‘गावाकडच्या एक वृद्ध नातेवाईक वारल्या.’ कुंदालाही तसंच सांगायला लावलं.

आज त्यांच्याच खापरावर मी मांडे केले. प्रमिलाबाईंनी फाटका मांडा उचलून पाहिला आणि हसल्या. “त्या बाईंना का नाही बोलावलंत? आमच्या सासूबाई अजून विचारतात. म्हणतात, अहिराणी बोलणारी ती बाई मला भेटवा, पोटभर गप्पा मारीन.”

म्हणजे लपवण्यासारखं काही नव्हतंच.

‘गेल्या त्या’ एवढं म्हणून भागलं असतं. समोर घागर होती.

“त्या माझ्या सासूबाई होत्या,” मी म्हणाले. “ही घागर त्यांचीच.”

प्रमिलाबाईंनी घास ताटात ठेवला. “कुंदाची आजी? आणि आमच्यातल्या एकानेही लग्नात त्यांच्या पाया पडू नये?”

त्यांनी हात धुतले, घागरीपुढे वाकून नमस्कार केला. माझ्याशी मात्र बोलल्या नाहीत. चारच्या गाडीने जायच्या होत्या, अडीचलाच निघाल्या.

१९८६ची डायरी काढली. ती ओळ खोडली नाही. खाली आजची तारीख घालून लिहिलं, ‘बाई नव्हे. सासूबाई.’

मांडे सात केले, चार फाटले. खापर पुसून माळ्यावर उपडं ठेवलं.