कौदीचं पोट

अंबूताईंच्या घरातून कुणी उपाशी परतलं, असं हुबळीत अजून घडलेलं नाही. मीटर बघायला आलेला माणूस पोहे खाऊन जातो, पत्ता चुकून आलेला चहा पिऊन जातो. आणि त्यांच्या हातची कौदीसुद्धा त्या घरातून उपाशी जात नाही. यातली शेवटची गोष्ट थट्टेची वाटली तरी थट्टेची नाही.

कौदी म्हणजे गोधडीची इकडची बहीण. जुन्या साड्या नि धोतरं एकावर एक अंथरायची, वर रंगीत तुकडे जोडायचे आणि कडेपासून आत आत बारीक धावदोरा घालत जायचं. अंबूताईंच्या सासूबाईंची रीत अशी, की कौदीचे चारही कोपरे शेवटी बंद करायचे आणि बंद करताना प्रत्येकात हळद लावलेल्या तांदळाची चिमूट ठेवायची. याला त्या कौदीचं पोट भरणं म्हणत. पोट भरल्याशिवाय कौदी कुणाला द्यायची नाही. रिकामी कौदी ऊब देते, पण झोप देत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांना कुणी सांगितलं होतं ते देव जाणे, पण त्यांच्याशी वाद घालण्याची घरात कुणाची छाती नव्हती.

अंबूताईंचं माहेर अळणावरचं. वडील लाकडाच्या वखारीत कारकून. लग्न होऊन त्या हुबळीच्या दुर्गदबैल बाजाराजवळच्या दोन खोल्यांत आल्या. सासरची माणसं दोन पिढ्यांपूर्वी गडहिंग्लजकडून कापडाच्या व्यापारात आलेली, पण वाट्याला दुकान न येता दुसऱ्याच्या दुकानातली नोकरी आलेली. नवरा तापाचं निमित्त होऊन गेला तेव्हा पदरात दोन मुली होत्या आणि हातात सासूबाईंनी शिकवलेला टाका. त्या टाक्यावर मुली शिकल्या, सासरी गेल्या. आता अंबूताई साठीच्या पुढे आहेत आणि शेजारपाजारच्या डझनभर बायका त्यांच्याबरोबर कौद्या शिवतात. सगळ्या कोपऱ्यांत तांदूळ घालतात, कारण अंबूताई कोपरे चाचपून बघतात.

दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला. दुपारी शिवताना टीव्ही चालू असायचा. कोसळलेल्या इमारती, बर्फ, रस्त्यावर शेकोटीभोवती उभी माणसं. मग आपल्या सरकारनं पाठवलेली विमानं दिसली. त्यांतून जवान उतरत होते, कुत्री उतरत होती, औषधांची खोकी उतरत होती. सुशीला, म्हणजे अंबूताईंची सगळ्यांत जुनी सोबतीण, सुई थांबवून म्हणाली की एवढ्या लांब आपली माणसं गेली, तर आपण इथं बसून नुसतं बघतोय काय? बंगळूरच्या प्रदर्शनासाठी वर्षभर शिवून ठेवलेल्या कौद्यांचा ढीग समोरच होता. प्रदर्शनाचं काय करायचं, असं कुणीतरी पुटपुटलं, पण ते कुणी ऐकलं नाही.

हुबळीतून दिल्लीला जाणाऱ्या सामानासाठी एका मंगल कार्यालयात जमवाजमव चालली होती. तिथून ट्रक, दिल्लीहून विमान. सामान तपासून घ्यायचं काम प्रभंजन नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे होतं. धारवाडच्या एका मास्तरांचा मुलगा, बोलायला गोड, सही करायला चिकट. त्यानं कौद्या उलगडून बघितल्या, हात फिरवला आणि मनापासून म्हणाला की अशा गोष्टी हल्ली मिळत नाहीत. इथंच गप्प बसून सही घ्यावी की नाही? पण अंबूताई खुलल्या. सासूबाईंपासून सुरुवात करून त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी अभिमानानं म्हणाल्या, "रिकामी एकही नाही, अण्णा. चारी कोपऱ्यांत तांदूळ भरलेत."

प्रभंजनचा हात कौदीवरून निघाला. त्यानं विचारलं, कच्चे तांदूळ? सगळ्यांत? मग तो खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला आणि समजावू लागला. धान्य, बियाणं, मातीसुद्धा, कागदपत्रांशिवाय दुसऱ्या देशात जाऊ देत नाहीत. एका देशातली कीड दुसऱ्यात गेली तर शेतंच्या शेतं फस्त होतात. तिकडं एका कोपऱ्यात दाणा सापडला तर फक्त कौद्या नाहीत, त्यांच्याबरोबरचं सगळं सामान अडवून ठेवतील. ट्रक संध्याकाळी निघणार होता. "होगली बिडरी, अक्का," तो म्हणाला. जाऊ दे म्हणाला. कौद्या परत न्या, तुमची भावना पोचली.

भावना पोचली म्हटल्यावर अंबूताईंचं डोकं फिरलं. कीड कसली? घरचे निवडलेले तांदूळ, हळद लावलेले. त्यांनी पिशवीतून कात्री काढली, वरचीच कौदी ओढली आणि बघा म्हणत कोपऱ्याचे टाके कापले. तळहातावर पिवळसर पीठ पडलं. त्या पिठातून दोन काळे किडे, टोके, बाहेर आले आणि मनगटाकडं चालू लागले.

प्रभंजननं ती कौदी हळूच बाजूला ठेवली. रागावला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. अंबूताईंनी हात पदराला पुसला आणि त्या बाहेरच्या पायरीवर जाऊन बसल्या. त्यांना फार लाज वाटली. किती वर्षं, किती घरांत, पोरांच्या अंगावर आपण हे पांघरूण घातलं, असं मनात आलं.

आणि तिथं बसल्या बसल्या त्यांना अळणावरची वहिनी आठवली. दोन हजार एकोणीसच्या पुरात भावाच्या घरात छातीइतकं पाणी शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर अंबूताई गेल्या तेव्हा रुक्मिणीवहिनी अंगणातल्या चिखलात उभी होती आणि हातात कुठल्याशा गावाहून मदतीत आलेली साडी होती, टिकल्यांची, लग्नात मिरवायची. वहिनीला हवं होतं कोरडं लुगडं आणि काडेपेटी. देणाऱ्याला नावं ठेवायची नाहीत म्हणून ती एवढंच म्हणाली होती, "अंबू, कुणीतरी फार हौसेनं दिलीय गं." अंबूताईंनी तेव्हा त्या देणाऱ्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या होत्या. आपली हौस भागवायला लोकांचा पूर वापरतात मेले, असं काहीसं.

त्या उठल्या. आत येऊन प्रभंजनला म्हणाल्या की ट्रक सुटायच्या आत सगळे कोपरे उसवून, झाडून, परत शिवून देते. तेवढी जागा दे. त्यानं घड्याळाकडं बघितलं, कौद्यांच्या ढिगाकडं बघितलं आणि जेवणाच्या पंगतीची सतरंजी अंथरून दिली. अंबूताईंनी फोन केले. जेवण झाकून ठेवून, कुकर बंद करून बायका आल्या. अंगणात नेऊन कोपरे उसवायचे, कौदी उलटीसुलटी झटकायची, ब्रशनं शिवणी घासायच्या, बोट घालून बघायचं आणि मग शिवायचं. बरेच कोपरे चांगले होते, पिवळेधमक दाणे तसेच होते. ते बघून हात जास्तच जड व्हायचा. बोलत कुणीच नव्हतं, आणि डझनभर बायका गप्प शिवताहेत हे त्या कार्यालयानं कधी पाहिलं नसावं.

उन्हं कलली. ट्रक दाराशी लागला. सवयीनं अंबूताई एकेका कौदीचे कोपरे अंगठ्यानं चाचपत ती पुढं सरकवत होत्या. हिरव्या काठाची एक कौदी हातात आली आणि अंगठा थांबला. आत दाणे होते. चारही कोपऱ्यांत. जुन्या टाक्यांवरूनच नवे टाके घातलेले होते, म्हणजे उसवलंच नव्हतं. ही सुशीलेची कौदी. धाकट्या मुलाच्या अंगावरच्या कपड्यांची. तो मुलगा दहावीत असताना कलघटगीच्या रस्त्यावर अपघातात गेला होता, आणि हे कपडे तिनं इतकी वर्षं कुणाला हात लावू दिले नव्हते. या वर्षी कसं कोण जाणे तिनं ते कापायला काढले होते.

सुशीला मान खाली घालून सुई ओवत बसली होती. अंबूताई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि कात्री तिच्या मांडीवर ठेवली.

"माझ्यानं होत न्हाई, अंबक्का," सुशीला म्हणाली. "त्याची कौदी हाय. रिकाम्या पोटानं कशी लावून देऊ?"

अंबूताईंना वाटलं, राहू दे. एका कौदीनं काय होतंय? घरी परत घेऊन जाऊ, हिची हिला राहील. पण परत नेली तर ती पेटीत जाणार आणि पेटीतच राहणार, हेही त्यांना कळत होतं. त्यांनी सुशीलेचा हात धरला.

"अगं, तिकडं कुणाचं तरी पोरगं बर्फात उभं आहे," त्या म्हणाल्या. "त्याला थंडी वाजतेय."

सुशीला बराच वेळ कौदीवर हात फिरवत राहिली. मग तिनं कात्री उचलली. चारही कोपरे तिनं स्वतः उसवले आणि दाणे पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून घेतले. झटकायला तिनं कुणाला दिली नाही, घासायलाही नाही. शिवताना टाका सरळ येत नव्हता, तरी अंबूताईंनी तो तसाच राहू दिला. आयुष्यात त्यांनी वाकडा टाका खपवून घेतला तो हा एकच.

गठ्ठे बांधून झाल्यावर प्रभंजन कागद घेऊन आला. सगळ्या कौद्या पुन्हा उसवून बघायला आता वेळ नव्हता. तुमच्या शब्दावर सही करतो, तो म्हणाला, पण एकदा तुमच्या तोंडून सांगा.

नवरा गेल्यानंतरच्या वर्षी अंबूताईंच्या घरातले डबे कितीदा खडखडीत असायचे. शेजारणी काळजीनं विचारायच्या आणि त्या हसून सांगायच्या, आहे की, सगळं आहे. मुली बाजूला उभ्या राहून ऐकायच्या. घरात काही नाही हे शब्द त्यांनी सासूबाईंपुढं काढले नव्हते, सख्ख्या भावापुढंही काढले नव्हते.

"एकही दाणा नाही, अण्णा," अंबूताई मान वर करून म्हणाल्या. "कर सही."