चाकणच्या कारखान्यातली रूथबाईंची पत्रे

नाशिककडे जाणाऱ्या बसने मला साताऱ्याहून आणून कासारवाडीला पुलाखाली सोडले. तिथून चाकण वीस किलोमीटर. दुसऱ्या बसने तेवढे अंतर कापायला एक तास पन्नास मिनिटे घेतली. एवढ्या वेळात साताऱ्याहून पुण्याच्या वेशीशी येता येते. भोसरीनंतर ट्रेलरमागे ट्रेलर, आणि दोन ट्रेलरच्या फटीत एक दुचाकी मावत असेल तर तिथे तीन घुसवायच्या, याला इकडे वाहतूक म्हणतात. शेजारी बसलेला कामगार मोबाइलमधून डोके न काढता म्हणाला, "आज बरंय राव. आज रस्ता मोकळाय."

मी चाललो होतो पत्रे परत आणायला. माझी कुसुममावशी साताऱ्यात शाळेत इंग्रजी शिकवायची. एका जुन्या मासिकात तिने अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या रूथ नावाच्या बाईंची कविता वाचली, प्रकाशकाच्या पत्त्यावर चार ओळी लिहिल्या आणि बाईंचे उत्तर आले. पुढे बावीस वर्षे पत्रे येत राहिली. एकूण सदतीस. रूथबाई गव्हाच्या मुलखातल्या एका खेड्यात शिक्षिका होत्या. घरी कोंबड्या पाळायच्या आणि वारा, विहीर, शेजाऱ्यांची भांडणे यांवर कविता लिहायच्या. दोनच पातळ पुस्तके निघाली, तीही तिथल्या तालुक्याच्या छापखान्यातून. मावशीची उत्तरे पोस्टात टाकण्याचे काम माझ्याकडे असे. पाकीट मी काट्यावर तोलायचो आणि जड भरले की तिला एखादे पान पुढच्या खेपेला ठेवायला सांगायचो.

शेवटच्या पत्रात रूथबाईंनी मावशीला तीन प्रश्न विचारले होते. तेव्हा मावशीचे यजमान आजारी होते, उत्तर राहून गेले, आणि मग बाई वारल्याचे त्यांच्या भाचीने कळवले. आता मावशीला ती तीन उत्तरे त्या भाचीला पाठवायची आहेत. दोन प्रश्न तिला आठवतात, तिसरा काही केल्या आठवत नाही. तिचे डोळे अधू झाले आहेत, म्हणून वाचून दाखवणार मी. पण पत्रे घरात कुठे होती? सात महिन्यांपूर्वी बबनराव नावाचे चाकणचे एक कविता करणारे कारखानदार आपल्या 'साहित्य दालना'साठी ती आठ दिवसांच्या बोलीवर घेऊन गेले होते.

फाट्यावर मिसळ खाल्ली. कट (वर ओततात तो तिखट रस्सा) मागितला तर तोही कोमटच मिळाला. मग कारखान्याच्या फाटकावर नाव, गाव, वेळ आणि येण्याचे कारण तीन वह्यांत तीनदा लिहिले. तिन्ही वह्या एकाच टेबलावर होत्या.

दालन वरच्या मजल्यावर. भिंतीवर बबनरावांचे नऊ फोटो होते, मी मोजले. फेटा घातलेले चार, हार घातलेले पाच. रूथबाईंचा एक, आणि तोही रूथबाईंचा नव्हे. ओठ रंगवलेली कोणी पंचविशीची गोरी तरुणी हसत होती. खाली सोनेरी अक्षरे : 'अमेरिकेच्या महाकवयित्री'.

"ही कोण?" मी विचारले.

"रूथबाई. नेटवरनं काढली," बबनराव म्हणाले.

"मावशीने तुम्हाला त्यांचा फोटो दिला होता. डोक्याला रुमाल, काखेत कोंबडी."

"व्हय, हाय की त्यो. पर साहित्यिक वाटंना."

मग त्यांनी कौतुकाने काचेचे कपाट उघडले. आत पत्रे होती, प्रत्येक पत्र जाड प्लास्टिकमध्ये गरम दाबून बंद केलेले.

"पाण्यात बुडवा, काय सुदीक हुनार न्हाई! आमच्यात मशीनवरची हर सूचना आशीच असतीया. तेल लागलं की पुसून घ्यायची."

मशीनवरच्या सूचनेला हे ठीक आहे. पण ती एका पानाची असते. सदतीसपैकी एकवीस पत्रे एकपानी होती, ती वाचता येत होती. उरलेली सोळा पाकिटातून निघाली तशी घडी घातलेलीच दाबली होती. शेवटचे पत्र तीन पानांचे. उजेडाकडे धरले तर ओळींवर ओळी, एक शब्द लागेल तर शपथ.

"हे आता उघडायचे कसे?"

"उघडायचं कशाला? टिकवायचं हाय न्हवं!"

कोणाला वाचताच येऊ नये इतके साहित्य टिकवणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता, आणि तसे त्यांना तोंडावर सांगितलेही. ते हसले. कवी होते ना, टीकेची सवय असणार.

दाराशी सुटे भाग तपासणारी एक बाई उभी होती. सुवर्णा, मूळची लातूरकडची. ती म्हणाली, "काका, तीन पानांचं शेवटचं पत्र ना? ते लिवलेलं हाय की माझ्याकडं."

इथला नियम असा की मूळ कागद प्लास्टिकमध्ये जाण्याआधी त्याची अक्षर न् अक्षर नक्कल नोंदवहीत उतरवायची. साहेबांनी पत्रे दिली, तिने तोच नियम लावला. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत ती लिहीत होती.

"इंग्रजी कळलं?"

"पयल्या दहाला डिक्शनरी लागली. मग बाईंच्या लिवण्याची सवय झाली. कोंबडी मेली ते पत्र लिवलं, त्या दिवशी डबा गेला नाही बगा."

"आन् मला सांगितलं न्हाईस ते?" बबनराव म्हणाले.

"सर, पानोपानी तुमचीच सही हाय."

बबनरावांनी कपाटातली पत्रे काढून माझ्या पिशवीत भरली. वही कंपनीबाहेर जात नाही, म्हणून सुवर्णाने सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढून दिल्या. फाटकावर पहारेकऱ्याने प्लास्टिकचे तुकडे मोजून 'सदतीस नग' असे लिहिले. वास्तविक त्या सबंध कारखान्यात मोजण्यासारखी एकच वस्तू होती, आणि ती भाग तपासायला परत गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्यात मावशीपुढे बसलो. पहिला प्रश्न : तू पुन्हा कविता लिहू लागलीस का? दुसरा : तुमच्या अंगणात पावसाआधीचा वारा कुठून येतो? हे दोन्ही तिला पाठ होते. तिसऱ्याशी मी थांबलो.

"वाच की रे," मावशी म्हणाली.

वाचले. 'तुझी पाकिटे तोलून पोस्टात टाकणारा भाचा माझ्या पत्रांतले कधी काही वाचतो का?'

मावशी खूप वेळ हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "याचं उत्तर मला कसं ठाऊक असणार? सांग, काय कळवू?"

"कळव, सदतीसपैकी एक," मी म्हणालो. "तेही चाकणच्या सुवर्णाबाईंच्या अक्षरात."