नडगीचं दुखणं आणि माझं ‘बरं वाटतंय’

“स्ट्रेस फ्रॅक्चर आहे,” असं म्हणून डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. वाशीतल्या त्या हॉस्पिटलच्या केबिनमध्ये एसी इतका गार होता की मी ओढणी अंगाभोवती गुंडाळून बसले होते. एमआरआयमध्ये माझी उजवी नडगी दिसत होती आणि तिच्या आतल्या बाजूला एक पांढुरका डाग. स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे पडून-आपटून मोडलेलं हाड नव्हे. पुन्हा पुन्हा ताण बसून आणि विश्रांती न मिळाल्यानं हाडाला गेलेली बारीक चीर.

“बरेच दिवस दुखत असणार. मग थांबला का नाहीत?”

मी तोंड उघडायच्या आत नवरा बोलला, “पुतनीकडे सुया घेत होती, डॉक्टर. फिजिओ हाय ती. ड्राय नीडलिंग करते.”

“सुयांनी हाड मोडत नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण दुखणं स्नायूचं नाही, हाडाचं आहे, हे आधी कळायला हवं होतं.”

नवऱ्यानं यातलं दुसरं वाक्य तेवढं ऐकलं. मी दोन्ही ऐकली आणि मूग गिळून बसले. हा अनुभव लिहिण्याचं कारण ते गप्प बसणं आहे. तुमच्यापैकी कुणी पळत असेल, खेळत असेल, सुयांच्या उपचारांचा विचार करत असेल, तर पायाचं लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण ते गप्प बसणं लक्षात ठेवा.

आम्ही खाडीकाठच्या गावठाणातले कोळी. मी महापेला एका कंपनीत अकाउंट्स बघते. लग्नाआधी कबड्डी खेळायचे, मग संसारात सगळं बंद. चाळिशी उलटल्यावर शेजारच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपबरोबर पळायला लागले आणि अंगात वारं शिरल्यासारखं झालं. दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. घरात पहिल्यांदाच माझ्या नावाचं काहीतरी होतं.

सरावात नडगी दुखायला लागली. आधी पळताना, मग जिना चढताना, मग नुसतं बसल्यावरही. ग्रुपमधल्या एकीनं सुया घ्यायला सांगितलं. तिचा आखडलेला खांदा सुयांनी सुटला होता. म्हटलं, दूर कशाला जायचं, घरातच फिजिओ आहे की.

मयूरी म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची मुलगी. आमच्या घराण्यातली पहिली डॉक्टरकी शिकलेली. ती स्वतः म्हणते, मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, पण गावठाणात तो फरक कोण करतो? तिच्या आईनं, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी, मी त्यांना ताई म्हणते, बाजारात मासळी विकून तिला शिकवलं. दिरांची जाळी ठेवायची तळमजल्याची खोली रंगवून मयूनं क्लिनिक थाटलं, आणि मी तिची अगदी सुरुवातीची पेशंट.

ड्राय नीडलिंगमध्ये औषध नसतं. केसाएवढी बारीक, कोरी सुई स्नायूतल्या आखडलेल्या गाठीत घालतात. त्या गाठीला ट्रिगर पॉइंट म्हणतात. सुई बरोबर जागी लागली की स्नायू आपोआप फडफडतो, मासा पाण्याबाहेर उडी मारतो तसा. मी घाबरून ओरडलेच. मयू हसली. हे अ‍ॅक्युपंक्चर नाही, हेही तिनं समजावलं. त्यात जुन्या पद्धतीनं ठरलेल्या बिंदूंवर सुया लावतात, इथे दुखऱ्या स्नायूतच. प्रत्येक सुई माझ्यासमोर सीलबंद पाकिटातून काढली. आणि सुरुवात करण्याआधी तिनं एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती.

“काकी, दुखणं पोटरीचं असेल तर दोन-तीन वेळांत उतरेल. नाही उतरलं, तर पळणं बंद आणि एमआरआय. आणि मी विचारीन ते खरं सांगायचं.”

“हो गं बाई,” मी म्हटलं.

पहिल्या सुया काढल्या तेव्हा ताई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. “काय गो, वाटतंय का बरं?” त्यांनी विचारलं. लेकीचा निकाल ऐकायला थांबल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. पोटरी जरा सैल झाली होती, हे खरं. नडगी मात्र होती तशीच ठणकत होती. “एकदम हलकं वाटतंय,” मी म्हणाले. ताईंचा चेहरा असा फुलला की मलाच धन्य वाटलं.

एकदा बोलले की पुढचं सोपं असतं. पुढच्या खेपेला मयूनं हाडावर बोट दाबून विचारलं, “इथे? एकाच जागी टोचल्यासारखं होतं का?” माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले होते. “छे गं, आता बरं वाटतंय,” मी दात आवळून सांगितलं. तिनं एका पायावर उड्या मारायला लावल्या. त्याही मारल्या आणि वर हसले. ती समाधानानं म्हणाली, “मग शर्यतीला हरकत नाही.”

शर्यतीच्या आदल्या रविवारी पाम बीच रोडवर, ग्रुपच्या शेवटच्या मोठ्या सरावात, पायातून कळ गेली आणि मी दुभाजकाच्या कट्ट्यावर बसले. पाय टेकवेना. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

पायाला गुडघ्यापर्यंत जाड बूट, काखेत कुबड्या, आणि दीड-दोन महिने पळायचं नाव काढायचं नाही. औषधं फारशी नव्हतीच, विश्रांती हेच औषध. दुखणं दिवसागणिक कमी होत गेलं. पण घरात दुसरंच दुखणं सुरू झालं.

नवरा येईल-जाईल त्याला सांगायचा, “आपल्या घरातली म्हनून विश्वास टाकला, आन् पाय मोडून घेतला.” गावठाणात बातमी पसरायला किती वेळ लागतो? मयूच्या सुयांनी काकीचा पाय मोडला, अशी ती पसरली. क्लिनिकबाहेरच्या चपला कमी झाल्या. मला खिडकीतून दिसायच्या. ताई मला रोज रावस नाहीतर मांदेली द्यायच्या, हाडाला बरं म्हणून, आणि माझ्या नजरेला नजर द्यायच्या नाहीत. लाज त्यांना वाटत होती! मी ते मासे खाल्ले. घास घशाखाली उतरत होता, याचीच मला जास्त चीड यायची.

एका संध्याकाळी मयू आली. पलंगाच्या कडेला बसली आणि रडायला लागली. “काकी, मी चुकले. हाडाचं दुखणं मला ओळखता आलं नाही. मी सुया बंद केल्यात. नोकरीच बघते कुठेतरी.”

आता मात्र मला राहवेना. मी सगळं सांगितलं. उड्या मारताना काय झालं, बोट दाबलं तेव्हा काय झालं, सगळं. शेवटी म्हटलं, “तुझं नवीन क्लिनिक. तू नाउमेद होशील, ताईंना वाईट वाटेल, म्हणून खोटं बोलले गं.”

तिचं रडू थांबलं. मला वाटलं होतं, ती मोकळी होईल, गळ्यात पडेल. ती उठून उभी राहिली.

“माझ्यासाठी नाही, काकी. मी पळणं बंद करीन म्हणून. शर्यतीसाठी.”

आणि गेली.

तोंडात मारल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं. भीड होती, नाही असं नाही. पण भीड पुढे करून मी माझा हट्ट झाकला होता, स्वतःपासूनसुद्धा. मला माझ्या नावाची ती शर्यत हवी होती. त्यासाठी मी एका पोरीचं शिक्षण, तिच्या आईचे कष्ट, सगळं पणाला लावलं, आणि वर स्वतःला प्रेमळ काकी समजत राहिले.

दुसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन दिरांच्या ओटीवर गेले. नवऱ्याला सोबत नेलं. ताई मासे साफ करत बसल्या होत्या. मी बोलत असताना त्यांचे हात थांबले. नवरा खाली मान घालून बसला. माझं बोलून झाल्यावर ताईंनी हातातला मासा टोपलीत परत ठेवला. मग म्हणाल्या, “माझ्या पोरीला मी बोल लावला गो. मी तिची आय. मीच बोलले, तुझंच कायतरी चुकलं असल.”



त्यानंतर जिनं जिनं पायाचं विचारलं, तिला तिला मी सांगितलं की मोडायला मीच कारणीभूत, दुखणं उतरलं नाही तर थांबायचं, हे मयूनं आधीच सांगितलं होतं. नळावर सांगितलं, हळदीच्या मांडवात सांगितलं, ऑफिसातही सांगितलं. काही बायकांनी तोंडावर हात ठेवले, काही हसल्या. चपला हळूहळू वाढल्या. मयूनं सुया पुन्हा सुरू केल्या.

सुया वाईट नाहीत. माझ्या मैत्रिणीचा खांदा सुटला, माझी पोटरीही खरोखरच सैल झाली होती. पण सुई टोचणाऱ्याला आत काय चाललंय ते फक्त तुम्हीच सांगू शकता. तिथे चांगुलपणा दाखवू नका. दुखत असेल तर दुखतंय म्हणा, समोर घरचं माणूस असेल तर दुप्पट जोरानं म्हणा.

बूट निघाल्यावर डॉक्टरांनी पायाच्या व्यायामासाठी फिजिओकडे पाठवलं. मी भीत भीत मयूला विचारलं. तिनं दोन दिवस घेतले आणि ये म्हणाली, याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. ती मनापासून व्यायाम करून घेते. फक्त काय वाटतंय, ते आता विचारत नाही. हाडावर बोट दाबते आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहते.

परवा न राहवून मी म्हटलं, “मयू, विचार की गं मला.”

तिनं पायावरून हात न काढता सांगितलं, “अजून नाही, काकी.”