कात्रीभाऊंचा डबा

औषधांच्या त्या दुकानदाराला लोक कात्रीभाऊ म्हणत, ते काही उगाच नाही. ज्याला गोळ्यांचं पूर्ण पाकीट परवडत नसे, त्याला भाऊ दोन गोळ्यासुद्धा कापून देत आणि उरलेले तुकडे काउंटरखालच्या बिस्किटांच्या डब्यात टाकत. तुकड्यावर ना नाव, ना तारीख. कोणी विचारलंच तर छाती फुगवून म्हणत, "पोटची पोरं ओळखायला पाट्या लागतात का?"

एके सकाळी तपासणीला नव्या औषध निरीक्षक मॅडम आल्या. त्यांनी फ्रिजमधला थर्मामीटर पाहिला, बिलं चाळली, परवाना वाचला. सगळं ठाकठीक. मग त्यांचा पाय डब्याला लागला. त्यातले दोन तुकडे उचलून त्यांनी काउंटरवर ठेवले. दोन्हींत बारीक पांढऱ्या गोळ्या, दोन्हींचं वेष्टन चंदेरी.

"यातली ब्लडप्रेशरची कोणती?"

"ही." भाऊंनी क्षणाचाही विचार केला नाही.

"नक्की?"

आता भाऊंचं डोकं तापलं. फळीवरची दोन पूर्ण पाकिटं आणून त्यांनी तुकड्यांशेजारी आपटली. त्यांनी दाखवलेला तुकडा शुगरच्या गोळ्यांचा निघाला. कंपनीने मध्येच कधीतरी वेष्टन बदललं होतं, आणि भाऊ जुन्याच ओळखीवर चालले होते.

मॅडम पुढे काय बोलल्या, ते भाऊंच्या कानात शिरलंच नाही. त्याच सकाळी त्यांनी याच डब्यातून थोरल्या बहिणीला, अक्काला, ब्लडप्रेशरच्या म्हणून गोळ्या दिल्या होत्या. तिला शुगर नव्हती. चुकीची गोळी पोटात गेली असेल तर साखर एकदम उतरून ती जागच्या जागी कोसळायची. त्यांनी फोन लावला. अक्का उचलेना.

"मॅडम, मला जायला हवं. माझी बहीण... याच डब्यातल्या गोळ्या..."

"शटर ओढा आणि पळा आधी! तुम्ही नसताना दुकान उघडं ठेवता येणार नाही. मी पायरीवर बसते."

पोट सांभाळत भाऊ दोन गल्ल्या धावले. दार अक्कानेच उघडलं, ओल्या हातांनी.

"काय रे, कुत्रं मागे लागलं का?"

"अक्का, सकाळची गोळी घेतलीस?"

अक्काने त्यांच्याकडे बघितलं, हात पदराला पुसले आणि कपाटाचा खण ओढला. भाऊंनी आजवर कापून दिलेले तुकडे त्यात खच्चून भरले होते.

"तुझ्या गोळ्या मी घेतच नाही रे. चौकातल्या दुकानातून पाकीट आणते. त्यावर नाव असतं, तारीख असते. तुला सांगितलं असतं तर तोंड एवढंसं झालं असतं तुझं."

आधी भाऊंच्या जिवात जीव आला. मग मात्र फार लागलं त्यांना. गावभर ज्या डब्याचा तोरा मिरवला, त्यावर सख्ख्या बहिणीचाच भरवसा नव्हता, आणि तिचंच बरोबर होतं.

परत येऊन त्यांनी खणातले तुकडे मॅडमपुढे ओतले आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं. मॅडमनी डबा जप्त केला, नोटीस हातात दिली. "महिन्याने येईन. कापून द्यायला माझी ना नाही, पण गोळीची ओळख गोळीबरोबर गेली पाहिजे."

भाऊंनी मान डोलावली.

आता कापलेल्या गोळ्या लिफाफ्यातून जाऊ लागल्या. त्यावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख. उरलेला भाग त्याच औषधाच्या खोक्यात, छापील बाजू शाबूत ठेवून. गिऱ्हाइकं वैतागायची. "भाऊ, गोळ्या देताय की लग्नपत्रिका?" भाऊ हसायचे आणि पुढचं अक्षर आणखी ठळक काढायचे. महिन्याने मॅडम आल्या, चार लिफाफे उलटेपालटे करून पाहिले आणि परवान्याला धक्का न लावता गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात अक्का आली. भाऊंनी तिला लिफाफा दिला. तिने चष्मा चढवला, नाव वाचलं, तारीख वाचली, मग आणखी एकदा वाचली.

"पाणी दे."

तिथेच, त्यांच्यासमोर, तिने गोळी तोंडात टाकली. भाऊंनी पटकन तोंड फिरवून डोळे पुसले.

"गोळी मी गिळली," अक्का म्हणाली, "आणि डोळ्यांत पाणी तुझ्या?"