पिंजाऱ्याच्या घरात बाजारचं ब्लँकेट

आमचं घर म्हणजेच दुकान होतं. पुढं कापूस पिंजायचं मशीन, मधे जुन्या साडीचा पडदा आणि पडद्यामागं आम्ही. जुन्या शहराच्या दरवाज्याच्या आतल्या गल्लीतली गिऱ्हाइकं जुन्या गाद्या आणून टाकायची. अब्बा त्या उसवून कापूस मशीनला लावायचे, अम्मी नव्यानं शिवायची. पावसाळ्यात गादी कुणी भरत नाही, तेव्हा डाळ पातळ व्हायची. दिवाळीच्या तोंडावर मशीन दिवसभर चालायचं, डाळ घट्ट व्हायची आणि मला धाप लागायची. घराचे बरे दिवस ते माझे वाईट दिवस. हा मेळ कुणाच्या लक्षात आला नाही, माझ्याही नाही.

छातीत शिट्टी वाजायची म्हणून शाळेत मला कुकर म्हणायचे. घरचा इलाज ठरलेला: हळदीचं दूध, छातीला गरम तेल आणि उबेत झोपवणं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रोज ओढायला पंप दिला होता. तो अम्मीनं कपाटात कपड्यांखाली ठेवला. पंपाची सवय लागते आणि पंपवाल्या पोरीला स्थळ येत नाही, असं तिला शेजारणीनं सांगितलं होतं. अगदीच दम कोंडला की पंप बाहेर यायचा आणि काम झालं की परत कपड्यांखाली जायचा.

बारावीनंतर मी बी.एस्सी.ला नाव घातलं. आमच्यात तोवर दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात प्रॅक्टिकलं बुडायला लागली. सरांनी सरळ सांगितलं, हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. घरी अब्बांना सांगितलं. त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. चांगल्यातला कापूस निवडला, दोनदा पिंजला आणि माझ्यासाठी जाड रजई भरली. पिंजाऱ्याकडं लेकीला द्यायला याहून मोठं काही नसतं. मी ती नाकापर्यंत ओढून झोपले. त्या आठवड्यात एकही प्रॅक्टिकल झालं नाही.

मग अब्बा स्वतः मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी धंदा विचारला. अब्बांच्या भुवयांत कापूस होता, तशी विचारायची गरज नव्हती. कापसाची धूळ हिला सोसत नाही, बाई म्हणाल्या; पंप रोज द्या आणि हिला कापसापासून लांब ठेवा.

"बाई, कापूस आमची रोटी हाय," अब्बा म्हणाले. "रोटी कुणाला बाधती का?"

"बाधते एखाद्याला."

 घरी आल्यावर अब्बांनी रजई उन्हात दोरीवर टाकली, मला दूर उभं केलं आणि काठीनं एकदा झोडली. उन्हात बारीक धुरळा उडाला आणि बराच वेळ खाली बसला नाही. तेवढा वेळ ते बघत राहिले. मग अम्मीला म्हणाले, "पंप काढ बाहेर. माठाजवळ ठेव, सगळ्यांना दिसंल असा."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पिंजाऱ्याची पोरगी कॉलेजात जाती."

मशीन गल्लीच्या आतल्या टोकाला पत्र्याच्या शेडमधे गेलं. रस्त्यावरचं गिऱ्हाईक तुटलं, पुढच्या दिवाळीतही डाळ पातळच राहिली. अम्मी रोज शेडपर्यंतच्या चालण्याला बोल लावायची, आणि रोज जायची. अब्बा बाहेरच कपडे झटकून, अंघोळ करून मग आत यायचे. रजई पैठणच्या फूफूला, अब्बांच्या बहिणीला, दिली. ती अजून येईल त्या पाहुण्याला दाखवते. मला बाजारातून पातळ ब्लँकेट आणलं. पिंजाऱ्याच्या घरात बाजारचं पांघरूण, म्हणून गल्ली लई दिवस हसली. अब्बाही हसायचे, पण ब्लँकेट बदललं नाही.

दमा गेलेला नाही. आता मी शेंद्र्याला एका कंपनीच्या लॅबमधे काम करते. पंप पर्समधे असतो आणि डबा खाताना टेबलावर असतो. थंडीत, किंवा रस्त्याचं काम निघालं की, शिट्टी वाजते. अब्बांचा खोकला मात्र त्यांच्या मते धंद्याचा आहे, आजार नाही. त्यांनाही मी त्याच बाईंकडं नेऊन आणलं. आता ते तोंडाला रुमाल बांधून मशीन चालवतात.

त्या वर्षी हजेरी भरली. परीक्षेला बसले, पास झाले, पुढची वर्षंही काढली. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे.