धूळ वजा करून शोधा

रेकॉर्ड रूममध्ये अठरा वर्षं झाडू मारला की धुळीबरोबर असले किस्सेबी साठतात. परवा लेक नेट कॅफेतून आली आणि मलाच शिकवायला लागली, "आई, नको तो शब्द वजा केला की कॉम्प्युटर पटकन शोधतो!"

म्हणलं, चौथी पास बाईला हे नवं सांगू नको. विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षांत तालुक्याच्या कचेरीत मी तेच करत होते. नाव मात्र दुसऱ्याचं व्हायचं!

* * *

आमचे रेकॉर्डचे कारकून पुण्याकडून आलेले. खुर्चीची जाळी फाटली, तर फडताळातला एक बस्ता, म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, उचलून बुडाखाली घेतला.

"साहेब, त्यात कागदं हायेत!"

"इथे सगळे जुनेच असतात." वर मलाच दटावलं!

* * *

एकदा मोठ्या साहेबांना मागच्या महिन्यात बघितलेली फाईल तातडीनं हवी होती. कारकून एकेक बस्ता सोडत बसले.

"धूळ बसलेले बाजूला काढा, साहेब. मागल्या महिन्यात हात लागलेल्यावर धूळ कुठून येईल?"

उरले चार. तिसऱ्यात फाईल!

मोठे साहेब खूश. "वा, इतक्या लवकर?"

कारकून म्हणाले, "सिस्टिम आहे माझी."

सिस्टिम झाडू घेऊन दारात उभी होती!

* * *

राणीसावरगावची गयाबाई, बापाची एकुलती लेक. चुलतभाऊ म्हणायलाय, "हे वावर तुझ्या बापाचं नव्हतंच." निजामाच्या काळच्या रजिस्टरची नक्कल पेरणीआधी दाखवली न्हाई, तर वावर गेलं. आंदोलनाचे दिवस, एस.टी.चा भरवसा नाही, तरी बाई तीनदा आली. तिन्हीदा कारकुनाचं एकच, "रजिस्टर कोरं आहे."

"बाई गं, पेरणी तोंडावर आली की!" ती रडायला लागली.

माझं डोकंच फिरलं. आत जाऊन बघते, तर मेल्यानं उर्दू रजिस्टर मराठीसारखं उघडलेलं, आणि शेवटची कोरी पानं चाळायलाय! मी रजिस्टर पालथं केलं. चहाच्या गाड्यावरच्या पेन्शनर मुन्शीचाचांना हाताला धरून आणलं. त्यांनी चार पानं उलटून बोट ठेवलं, "ये देखो, इसके बाप का नाम."

गयाबाईनं त्या नावावरून बोट फिरवून कपाळाला लावलं.

कारकून लालबुंद. "शिपायानं रजिस्टरला हात का लावला? नक्कल उद्या."

त्या उद्याचे आठ दिवस झाले! बाई रोज येऊन दारात बसायची.

* * *

नवव्या दिवशी आमच्या कारकूनसाहेबांच्या पुण्याच्या बदलीचा हुकूम आला. सर्व्हिस बुक संध्याकाळपर्यंत पाठवायचं, नाहीतर बदली रद्द. आणि सर्व्हिस बुकांचा बस्ताच सापडेना! साहेबांनी सगळी फडताळं उपसली, घामाघूम होऊन खुर्चीत येऊन बसले.

"शेवंताबाई, बघा ना जरा! तुमची ती धुळीची युक्ती..."

"आधी गयाबाईची नक्कल."

सही झाली. शिक्का बसला. कागद मी गयाबाईच्या हातात दिला. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत थांबले.

मग म्हणलं, "आता उठा, साहेब."