बांधावरचा पिवळा चारा

भागामावशी गेल्याचं तिच्या मुलाने, गणपतने, कर्जतच्या बाजारात सांगितलं. महिना उलटला होता. कळवायचं राहिलं म्हणून बिचारा माझीच माफी मागत होता, आणि मला त्याच्याकडे वर बघवेना.

मी पोशीरला ग्रामसेवक होतो तेव्हा भातखाचरांच्या बांधांवर तण मारायचं औषध मीच आणलं. पाठीला पंप लावून गावापुढे फवारून दाखवलं. बांधावरचं गवत कुणीही कापावं ही गावची रीत. मावशीच्या दोन म्हशी त्यावरच पोसत. हा पिवळा पडलेला चारा घालू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, खुशाल घाला, औषध तणाला मारतं, जनावराला नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

वर्षभरात एक म्हैस गाभडली, रेडकू दिवस भरायच्या आतच पडलं; दुसरी माजावर येईना. मावशी थेट चावडीवर आली. "भाऊ, ते औषध मारल्यापासनंच हाय ह्ये."

मी चारचौघांत हसलो. मग गावही हसलं. वर शहाणपणा केला, की माजावर न येणारी भाकड कशाला पोसता, काढून टाका. तिने ऐकलं. घरच्या गोठ्यात जन्मलेली म्हैस बाजारात नेली आणि दोन दिवस जेवली नाही. मला मात्र कधी एका शब्दाने बोलली नाही... तेच जास्त लागतं.

गेल्या वर्षी जनावरांच्या डॉक्टरांकडे विषय निघाला. असली काही औषधं पोटात गेली तर शरीरातल्या हार्मोनांचा कारभार बिघडत असावा, अशी शंका आहे, म्हणाले. माज, गाभ सगळं त्यावरच चालतं. मावशीच्या म्हशींचं त्यानेच झालं का, ते मात्र सांगता येणार नाही. मी त्या 'सांगता येणार नाही'च्या आड वर्षभर लपलो. तिच्याकडे जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की मावशी, तुम्ही खुळ्या नव्हता. आज जाऊ, उद्या जाऊ...

परवा गेलो. गणपतची बायको ओढ्यावर चाऱ्याची मूठ मूठ चोळून धूत होती. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, लावलेली सवय, म्हणाली. गाव हसेल म्हणून त्या उजाडायच्या आत धुवून आणायच्या. मागे राहिलेली म्हैस पुढे व्यायली. धुण्याने की दैवाने, कोण जाणे.

मग तिने विचारलं, "भाऊ, तुमी शिकलेले. धुवायला लागतं का खरंच?"

"धुवा," मी म्हटलं. "मावशींचं बरोबर होतं."

तिचे हात थांबले. "ह्ये त्यांना सांगायचं व्हतं, भाऊ. लई वाट बघितली त्यांनी तुमची."